किशोरवयातील पाठीचा बाक : या चुका टाळा

जूनमध्ये नाशिकच्या शिंप्याकडे गणवेश शिवायला टाकताना मुलीचा एक खांदा उतरता असल्याचे लक्षात येते, आणि घरी तिला “पोक काढून बसू नकोस” असे दटावले जाते. पहिली चूक इथेच होते. पोक काढणारे मूल सांगितल्यावर ताठ बसते. स्कोलिओसिस या कण्याच्या विकारात मात्र कणा कुशीकडे वळतो आणि मणके पिळलेही जातात, त्यामुळे कितीही ताठ बसले तरी तो सरळ होत नाही. दप्तराच्या ओझ्याने पाठ दुखू शकते, पण हा बाक त्यामुळे येत नाही.

मुलाला पाय जुळवून, गुडघे न वाकवता, तळहात एकमेकांना जोडून पुढे वाकायला सांगावे आणि मागून पाहावे. एका बाजूच्या बरगड्या किंवा कंबर उंचावलेली दिसल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. “दुखत तर नाही, दहावी होऊ दे” ही सर्वांत महागात पडणारी सबब होय, कारण मुलींची उंची साधारणपणे पाळी सुरू होण्याच्या आधी झपाट्याने वाढते आणि बाक वाढण्याचा धोकाही तेव्हाच अधिक असतो.

एक्स-रे उभे राहूनच काढावा व जुन्या फिल्म जपाव्यात. त्यावर बाकाचा कोन मोजतात, 10 अंशांपासून पुढच्या बाकाला स्कोलिओसिस म्हणतात. मोजण्यातच 5 अंशांपर्यंत फरक पडू शकतो, म्हणून 22 चे 25 झाले की लगेच घाबरू नये.

वाढ शिल्लक असताना साधारण 25 ते 40 अंशांच्या बाकासाठी ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक आधारपट्टा, देतात. त्याचे काम बाक वाढू न देण्याचे आहे, हे आधीच समजून घेतले तर पुढे निराशा होत नाही. अमेरिका व कॅनडातील 2013 च्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या 72 टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला, नुसत्या देखरेखीखालील मुलांत हे प्रमाण 48 टक्के होते. आणि दिवसाला सुमारे 13 तासांहून अधिक वापरणाऱ्यांत यश 90 टक्क्यांपलीकडे गेले. तेव्हा शाळेत मैत्रिणी हसतात म्हणून दिवसभराचा ब्रेस परस्पर रात्रीपुरता करू नये. एप्रिल-मेच्या उकाड्यात आतून शिवण नसलेला सुती बनियन घालावा, तो घामाने भिजला की बदलावा. ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासातही त्वचेवरील लाली गेली नाही तर ब्रेस तयार करणाऱ्याकडून तपासून नीट जुळवून घ्यावा.

हाडवैद्याकडून कणा ‘बसवून’ घेण्यात नेमके उंची वाढण्याचे मोलाचे महिने जातात. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पायांत अशक्तपणा किंवा लघवीवरील ताबा सुटणे यांपैकी काहीही असल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता तातडीने तपासणी करून घ्यावी. अशा वेळी बहुधा एमआरआय लागतो.