शेअर घेऊन विसरून जाताय? या चुका टाळा

‘चांगल्या कंपनीचा शेअर घे आणि विसरून जा’ हा सल्ला लग्नाच्या पंगतीतही फुकट मिळतो. त्यातलं ‘चांगली कंपनी घे’ ठीक आहे. नुकसान होतं ते विसरून गेल्यामुळे.

येस बँकेचंच बघा. ऑगस्ट 2018 मध्ये भाव 400 रुपयांच्या आसपास होता. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्या प्रमुखांचा कार्यकाळ जानेवारी 2019 पुरताच ठेवला आणि शेअर कोसळला. मग ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणत लोक ॲव्हरेज करत, म्हणजे पडत्या भावात आणखी घेऊन सरासरी खरेदीभाव खाली आणत सुटले. 200 ला घेतला, 100 ला घेतला, 50 लाही सोडला नाही. खरं तर 2016-17 चं 6,355 कोटींचं थकीत कर्ज बँकेने कमी दाखवल्याचं त्याच्या वर्षभर आधीच बाहेर आलं होतं. मार्च 2020 मध्ये बँकेवर निर्बंध आले. पुनर्रचनेत शंभर किंवा त्याहून जास्त शेअर असलेल्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षं गोठवले गेले, म्हणजे ते विकायची सोयही उरली नाही.

त्याच मार्चमध्ये सेन्सेक्स जानेवारीतल्या 42,000 वरून 26,000 पर्यंत आला होता. सगळा बाजार पडतो तेव्हा धीर धरणं योग्यच. पण एकटी आपलीच कंपनी पडत असेल तर आधी कारण शोधा, मगच पैसे टाका. शेअर घेताना ‘का घेतला’ हे दोन ओळींत लिहून ठेवलेलं असेल तर हे काम सोपं जातं. बहुतेकांनी ते लिहिलेलं नसतं, कारण घेतलेला असतो मित्राने सांगितला म्हणून!

दर तिमाहीला अर्धा तास काढा. बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं पान उघडून शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कुणाकडे किती शेअर आहेत ते बघा. प्रवर्तकांच्या (कंपनी उभी करणाऱ्या मालकांच्या) तक्त्यात गहाण ठेवलेल्या शेअरची टक्केवारी दिलेली असते. ती वाढत चालली असेल तर सावध व्हा, कारण भाव पडला की कर्ज देणारे तेच शेअर विकायला काढतात आणि भाव अजून खाली जातो. वार्षिक अहवालात नफा फुगतोय पण धंद्यातून रोकड येत नाही, हेही दुखणंच.

कंपनी उत्तम म्हणून कुठल्याही भावाला घेणं ही वेगळी चूक. हिंदुस्तान युनिलिव्हरचा भाव 2000 साली जिथे होता, साधारण तिथेच 2010 सालीही घुटमळत होता. लोकांनी साबण लावणं काही बंद केलं नव्हतं.

ॲपमध्ये एका रात्रीत 90 टक्के तोटा दिसला तर विकायच्या आधी स्प्लिट (एका शेअरचे अनेक होणं) किंवा बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) झालाय का ते तपासा. जानेवारी 2024 मध्ये नेस्ले इंडियाच्या एका शेअरचे दहा झाले, तेव्हा 27,000 च्या घरातला भाव 2,700 वर दिसू लागला. नवे शेअर डीमॅटमध्ये दिसेपर्यंत थांबा.

आणि वडिलांनी घेतलेले जुने कागदी शेअर कपाटात असतील तर ते आधी बाहेर काढा. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही की शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीत जातात. ते परत मिळतात, पण आधी कंपनीकडून हक्कपत्र, मग आयईपीएफ-5 फॉर्म, वर वारसाची कागदपत्रं असे हेलपाटे पडतात. तुमच्या स्वतःच्या डीमॅटला नॉमिनी लावलाय का, तेही आजच बघून घ्या.