बिअरला लोण्याचा वास

हिवाळ्यात डेन्व्हरच्या आमच्या गॅरेजात १० अंशांच्या आसपास थंडी असते, म्हणून २० लिटर पिल्सनर (थंडीत आंबवायची फिकट बिअर) तिथेच आंबवायला ठेवली. दोन आठवड्यांनी चाखली तर थेट लोण्याचा वास! बायको म्हणाली, "थालीपिठावर घाल."

त्याच शनिवारी ब्रेकनरिजला स्कीइंग झालं. थरथरत्या पायांनी गावातल्या ब्रूपबमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर स्वतःच बनवणाऱ्या पबमध्ये, बसलो आणि काउंटरपलीकडच्या ब्रूअरला रडगाणं ऐकवलं. तो हसला: "डायअसेटिल. लोण्याचा वास त्याचाच. यीस्टच ते बनवतं आणि ऊब मिळाली की यीस्टच ते खातं."

घरी येऊन कारबॉय (बिअर आंबवायची मोठी बाटली) स्वयंपाकघरात आणला. १८ अंश, तीन दिवस. मग दोन पेल्यांत थोडी थोडी बिअर झाकून ठेवली: एक थंड, दुसरी अर्धा तास ६० अंशांच्या पाण्यात, म्हणजे दडलेला लोण्याचा वास असला तर गरम होऊन बाहेर येईल. गरम पेल्यालाही लोण्याचा वास नाही, तेव्हाच सगळी बिअर फ्रीजमध्ये टाकली. घाईने आधीच गार केली असती तर यीस्ट तळाला बसलं असतं आणि लोणी राहिलं असतं.

चार आठवड्यांनी बाटल्या भरल्या. थालीपिठाला आता विकतचं लोणी.