पन्हाळा ते पावनखिंड : सोप्या वाटेवरच्या या चुका टाळा

पन्हाळ्याहून पावनखिंडीला चालत जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "अवघड आहे का?" उत्तर मिळतं, "छे, सपाटच आहे, नुसतं चालायचं." मग लोक निश्चिंत होऊन निघतात. या वाटेवर कडा चढायचा नाही, दोर लावायचा नाही, कुठे डोळे फिरावेत अशी दरी शेजारून जात नाही, हे सगळं खरं आहे. पठार, उतार, भाताची खाचरं, ओढा, पुन्हा चढ, एखादी वाडी, पुन्हा झाडी असा लाटांसारखा वर-खाली होणारा हा मुलूख आहे. घोटाळा नेमका त्यातूनच होतो. उभ्या डोंगरात वाट एकच असते, कारण दुसरीकडून जाताच येत नाही. इथे कुठूनही जाता येतं, त्यामुळे वाटा पन्नास आणि चुकायच्या जागाही तितक्याच.

मी ही वाट पाच वेळा चाललोय, चार वेळा पावसाळ्यात आणि एकदा डिसेंबरात. मी स्वतः केलेल्या आणि सोबतच्यांना करताना पाहिलेल्या चुका सांगतो.

किलोमीटरवरून वेळ काढू नका

पन्हाळ्याच्या राजदिंडी या दरवाज्यातून उतरून पावनखिंडीपर्यंत अंतर सुमारे 50 किलोमीटर. घरी बसून हिशोब होतो की ताशी पाच म्हणजे दहा तास. पहाटे निघालो की संध्याकाळी खिंडीत! कोरड्या सडकेवर कदाचित जमेल. जुलैत या लाल मातीत चांगला चालणाराही ताशी अडीच-तीनच्या वर जात नाही, आणि पाचव्या-सहाव्या तासानंतर तेवढंही राहत नाही. शिवाय चढ मोठे नसले तरी पुष्कळ आहेत. शंभर-दीडशे फूट चढा, तेवढेच उतरा, ओढा ओलांडा, पुन्हा चढा. यातला एकही चढ लक्षात राहत नाही, पण गुडघे सगळे मोजत असतात.

म्हणून दोन दिवस धरा. पहिला मुक्काम करपेवाडीच्या आसपास, दुसऱ्या दिवशी उरलेला टप्पा. मुक्कामाची सोय आधी फोन करून ठरवा. अंधारात आठ-दहा जणांनी ओलेचिंब होऊन कुणाच्या तरी ओसरीवर उभं राहणं बरं नाही. घरचे नाही म्हणणार नाहीत, म्हणून तर आधी विचारायचं.

"महाराज एका रात्रीत गेले होते" असं अनेकांच्या तोंडी असतं. 12-13 जुलै 1660 ला सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघालेली ती माणसं जिवावर उदार होऊन धावत होती, आयुष्य डोंगरात गेलेली होती, आणि मागे शत्रू होता. त्यांच्या वाटेवर डोकं टेकवायला आपण जातो. त्यांच्याशी बरोबरी करायला गेलं की संध्याकाळी पाचला कुणीतरी घोटा धरून बसलेलं असतं.

मसाई पठार आणि चकवा

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते मसाई पठारावर. जांभ्या दगडाचा लांबच लांब सडा, वर आखूड गवत, मधे मसाईदेवीचं देऊळ. उघडीप असेल तर यासारखं सुख नाही. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि जांभ्यावर पाऊल उमटत नसल्यामुळे मळलेली वाट अशी दिसतच नाही. पठार चालून संपायला दीड-दोन तास लागतात. तेवढ्या वेळात दिशा हळूहळू कधी वळली हे कळत नाही. गावाकडे याला चकवा लागणं म्हणतात.

माझ्या तिसऱ्या खेपेला आम्ही सहा जण देवळापासून सकाळी साडेनऊला निघालो. पाऊण तास बऱ्या वेगाने चाललो. मग एका डबक्याच्या काठी लाल चिखलात बुटाचे ठसे दिसले. बरं वाटलं, कुणीतरी पुढे गेलंय. एक मित्र खाली वाकला. ठशात टाचेपाशी तीन आडव्या रेघा आणि एक तुटलेली चौकट होती, शेजारी काठीचं गोल भोक. त्याने स्वतःचा बूट उचलून तळवा पाहिला, आणि काही न बोलता आम्हाला दाखवला. ठसे त्याचेच होते. पाऊण तासात आम्ही फिरून तिथेच आलो होतो.

शेळ्यांचा आवाज आला म्हणून हाक मारली. घोंगडीची खोळ डोक्यावर घेतलेला एक धनगर धुक्यातून पुढे आला.

"कुटं निघालाय पावनं?"

"कुंभारवाडीला, मामा."

"मग वाऱ्याकडं पाठ करून का चाललाय? वारं तोंडावर घ्या की."

त्यांनी दिलेली ही खूण मी त्यानंतर प्रत्येक वेळी वापरली आहे. पन्हाळ्याहून विशाळगडाची दिशा साधारण पश्चिमेची, किंचित उत्तरेकडे झुकलेली. जून ते ऑगस्ट वारा येतो पश्चिम-नैर्ऋत्येकडून. म्हणजे बरोबर चालत असाल तर पाऊस तोंडावर, जरा डाव्या गालावर लागला पाहिजे. उघड्या पठारावर बराच वेळ तो पाठीवर बसत असेल तर थांबा, काहीतरी चुकलंय. झाडीत आणि घळीत वारा कसाही वळतो, तिथे ही खूण धरू नका.

वाट हरवल्याचा संशय आला की लोक दोन गोष्टी करतात, आणि दोन्ही चूक. पहिली, "अजून थोडं पुढे जाऊन बघू". दुसरी, "तू इकडे बघ, मी तिकडे बघतो". पुढे जाऊ नका आणि फुटू नका. शेवटची खात्रीची जागा कोणती ते आठवा आणि सगळे मिळून तिथे परत जा. अर्धा तास जाईल, जाऊ द्या. फार दाट धुकं असेल तर देवळाच्या आडोशाला बसून राहा. पावसाळी धुकं बहुतेक वेळा तासाभरात निदान एकदा फाटतं, आणि समोरची डोंगराची सोंड पाहून दिशा पक्की करायला तेवढी दोन मिनिटं पुरतात. अंदाजाने कडेला उतरायला मात्र जाऊ नका. पठार वरून सपाट असलं तरी त्याच्या कडा सगळीकडे सोप्या नाहीत.

मोबाइलवरचा नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर उत्तम, कारण वाटेत रेंज येते आणि जाते. फक्त तो एकाच्याच फोनमध्ये नको. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, थंडीत बॅटरी उतरते, आणि ज्याच्याकडे नकाशा असतो नेमका तोच सगळ्यांच्या पुढे निघून गेलेला असतो.

ढोरवाट ओळखायला शिका

पठार उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी करत वाट झाडीत शिरते आणि दुसरी अडचण सुरू होते. जनावरांच्या वाटा माणसांच्या वाटेपेक्षा रुंद आणि जास्त मळलेल्या असतात. नवखा माणूस हमखास तीच धरतो.

फरक डोळ्यांना सवयीने कळतो. ढोरवाट पुढे जाऊन पंज्यासारखी फुटते, गवतात विरते किंवा पाण्यावर जाऊन संपते. तिच्यावर कारवीच्या फांद्या कमरेच्या उंचीवर आडव्या आलेल्या असतात, कारण म्हैस खालून निघून जाते. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंत फांद्या कोयत्याने तोडलेल्या दिसतात, ओढ्यात पाय ठेवायला दगड मांडलेले असतात, चढावर पावलांनी झिजून पायऱ्या पडलेल्या असतात. दगडांवर रंगाचे बाणही आहेत, पण गवत वाढलं की झाकले जातात. बाण दिसला म्हणजे वाट बरोबर इतकंच समजा. दिसला नाही म्हणून चुकलो असं होत नाही.

विचारायचीही एक पद्धत आहे. "ही वाट पावनखिंडीला जाते ना?" असं विचारलं की समोरचा "जाते" म्हणतो. खोटं नसतं ते, पुढे कुठेतरी जातेच. त्याऐवजी पुढच्याच वाडीचं नाव घ्या : "काका, पाटेवाडीला कुठून जायचं?" मग ते हात करून झाड दाखवतात, ओढा सांगतात, कुठे डावीकडे वळायचं नाही तेही सांगतात. म्हणून वाड्यांची क्रमवार यादी कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत खिशात ठेवा. या वाटेवर तिच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही.

बांधावरून चालताना

हे मला फार मनापासून सांगायचंय. जुलैत इथे भाताची लावण चालू असते. वाट चिखलाची झाली की लोक खाचराच्या बांधावर चढतात, कारण तो कोरडा आणि नीट दिसतो. तो ओल्या मातीचा, हाताने लिंपलेला असतो. तीस-चाळीस जणांची रांग त्याच्यावरून गेली की कडा ढासळतात, भोक पडतं आणि खाचरातलं पाणी रात्रीत खाली निघून जातं. दुसऱ्या दिवशी ते घर पुन्हा चिखलात उतरून बांध घालतं. पदभ्रमंती मोहिमांच्या दिवसांत हजारो माणसं इथून जातात. गावकरी बहुतेक काही बोलत नाहीत, उलट चहा विचारतात. चिखल असेल तर चिखलातून चाला. पाय धुता येतात.

पाय, जळवा आणि ओढे

गुडघाभर चिखलात महागडे, आतून कापूस भरलेले बूट निरुपयोगी होतात. एकदा पाणी आत गेलं की दिवसभर निघत नाही. पाणी चटकन निथळेल असा, खोल खाचांच्या तळव्याचा हलका बूट बरा. बूट नवा नको. वेताची किंवा बांबूची काठी घ्या, उतारावर तिसरा पाय होतो. मुक्कामी पोहोचल्यावर चहाच्या आधी मोजे काढून पाय पुसा, कोरडे होऊ द्या, खोबरेल चोळा. कोरड्या मोज्यांचा एक जोड फक्त झोपताना घालायला राखून ठेवा, आणि सकाळी कितीही जिवावर आलं तरी ओलेच चढवा. झोपायचा जोड भिजला की दुसऱ्या रात्री पायांना आराम नाही. टाचेला चुरचुरायला लागलं की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावून उपयोग नाही.

झाडीत जळवा लागतात. ओढून काढू नका, मिठाचं पाणी किंवा ओली तंबाखू लावली की सुटतात. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, कारण त्यांच्या लाळेने ते गोठत नाही. घाबरू नका, स्वच्छ फडक्याने दाबून धरा.

ओढ्यांचं मात्र गांभीर्याने घ्या. एरवी उडी मारून ओलांडावा एवढा ओढा वर सर आली की अर्ध्या तासात कमरेला लागतो. पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, किंवा गुडघ्याच्या वर आलं, तर काठावर थांबा. हे ओढे लहान आहेत, पाणलोट थोडा आहे, त्यामुळे पाऊस ओसरला की पाणीही तास-दोन तासांत उतरतं. साखळी करून जाण्यात एकाचा पाय सुटला की तो दुसऱ्यालाही नेतो.

हिवाळ्यात गेलात तर चुका वेगळ्या. गारव्यामुळे तहान जाणवत नाही आणि बरेच ओढे आटलेले असतात. माणशी तीन लिटर पाणी घ्या, वाडीत भरून घ्या. या भागात गवे आहेत. पहाटे-संध्याकाळी समोर आला तर जागीच थांबा, त्याला वाट मोकळी ठेवा, फोटोसाठी पुढे सरकू नका.

परतीचा विचार निघण्याआधी

म्हसवडे मागे टाकून पांढरपाणीला आलात की डांबरी रस्ता लागतो आणि सगळ्यांना वाटतं झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इथे पोहोचणारे गट एसटीच्या भरवशावर येतात आणि अडकतात. मलकापूर–विशाळगड मार्गावर गाड्या मोजक्या आहेत. मलकापूर किंवा आंबा गावाची जीप आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, म्हणजे खिंडीत घड्याळाकडे बघावं लागत नाही.

खिंडीत उतरायला लोखंडी जिना आहे. पाऊस जोरात असेल तर तळातून पाणी उसळत जातं, आणि लोक तरीही धबधब्याखाली उभे राहायला उतरतात. त्या दिवशी उतरू नका. वरच्या कठड्याशी उभं राहा. खाली दोन्हीकडच्या काळ्या भिंती किती जवळ आल्या आहेत, मधे किती थोडी जागा आहे, हे वरूनच नीट दिसतं. बाजीप्रभूंनी आणि बांदलांनी ही जागा का निवडली, ते पाण्याच्या त्या आवाजात कुणी न सांगता कळतं. तिथे दहा मिनिटं गप्प बसा आणि मग जीपकडे या.