चित्रकलेचा तास कसा घ्यावा : फळ्यावरच्या चित्राऐवजी समोरची वस्तू

सातवीच्या वर्गात ‘निसर्गचित्र काढा’ असे सांगितले, की बहुतेक वह्यांत एकच चित्र उमटते : दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि आभाळात मराठी चाराच्या आकड्यासारखे पक्षी. ज्याच्या गावाला नदी नाही, तो मुलगाही हेच चित्र काढतो, कारण त्याने ते पाहिलेले नसून पाठ केलेले असते. मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावे, हा कलाशिक्षणाचा पहिला हेतू मानला, तर तासाची आखणीच बदलावी लागते.

सुरुवात एका तांब्यापासून करावी. तो वर्गाच्या मध्यभागी बाकावर ठेवून मुलांना त्याच्याभोवती बसवावे आणि पहिली दहा मिनिटे कोणालाही पेन्सिल हातात घेऊ देऊ नये. तांब्याचे तोंड डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत प्रत्येकाला खाली वाकायला सांगावे. त्या वेळी गोल तोंड निव्वळ आडव्या रेषेसारखे दिसते आणि सावकाश उभे राहू लागले, की त्याच रेषेचे लंबवर्तुळ होऊन ते रुंदावत जाते. एवढा अनुभव घेऊनही चित्र काढताना निम्मी मुले तांब्याच्या तळाला सरळ रेघ मारतात, कारण तांब्या सपाट बाकावर टेकला आहे हे त्यांना ठाऊक असते. अशा वेळी मुलाच्या कागदाला हात न लावता त्याला पुन्हा तांब्याकडे पाहायला लावावे. तळ डोळ्यांच्या रेषेपासून तोंडापेक्षाही खाली असल्यामुळे तिथली कड तोंडाच्या कडेहून अधिक वळलेली दिसते, हे त्याने स्वतः शोधले पाहिजे. शिक्षकाने दुरुस्त करून दिलेल्या रेषेतून तो काहीच शिकत नाही, असे माझे ठाम मत आहे. खोडरबरही बाजूलाच ठेवावा. चुकलेली रेघ तशीच राहू द्यावी आणि तिच्या शेजारी दुसरी काढावी.

रंगकामासाठी वांगे उत्तम. सावलीसाठी काळ्या रंगाची बाटली मुळीच उघडू नये, जांभळ्यात निळा मिसळून सावली गडद करावी आणि खिडकीचा उजेड जिथे चमकतो, तिथे कागद कोरा सोडावा.

वारली चित्रकला शिकवताना मात्र घाई करू नये. पुष्कळ शाळांत ती शुभेच्छापत्राच्या किनारीपुरती उरली आहे. लग्नघरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर देवचौक, म्हणजे देवीचे चौकोनी चित्र, लिहितात, हे मुलांना आधी सांगावे. जिव्या सोमा म्हसे यांनी हीच कला कागदावर आणि कापडावर नेऊन जगापुढे मांडली, हेही सांगावे. मग टोकाला टोक जुळवलेले दोन त्रिकोण काढून दाखवावेत आणि वरचा त्रिकोण कलला, की माणूस वाकतो, धावतो, नाचतो, हे मुलांना करून पाहू द्यावे. त्यानंतर विषय मुलांचाच असावा : कबड्डीचे मैदान, पाण्याच्या टँकरपुढची रांग, शाळेची बस.

शासकीय रेखाकला परीक्षांचा प्रश्न पालक हमखास विचारतात, कारण त्यांतल्या इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात. परीक्षेला मुले अवश्य बसवावीत, पण तिचा सराव शेवटच्या दोन महिन्यांपुरता ठेवावा. ज्याला तांब्या पाहता येतो, त्याला वस्तुचित्राची वेगळी घोकंपट्टी लागत नाही.

कला इतर विषयांच्या अध्यापनात मिसळावी, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि तिथल्या नई तालीमच्या, म्हणजे हाताने काम करत शिकण्याच्या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या, शाळेत त्यांनी मुलांना अनेक वर्षे कला शिकवली. मात्र विज्ञानाच्या वहीत फूल रंगवून घेतले, म्हणजे कला मिसळली असे होत नाही; जास्वंदीचे फूल उभे चिरून त्यातले पुंकेसर मोजत मोजत काढले, तर एकाच चित्रातून दोन्ही विषय शिकून होतात.

आता चार शब्द लिहिले, की संगणक क्षणात गुळगुळीत चित्र तयार करून देतो, त्यामुळे केवळ पूर्ण झालेल्या चित्राला गुण देण्याची पद्धत यापुढे चालणार नाही. प्रत्येक मुलाची एक फाईल ठेवावी आणि जून, ऑक्टोबर व फेब्रुवारीत त्याच तांब्याचे चित्र काढून घेऊन, त्यावर तारीख घालून, कच्च्या रेखाटनांसह त्या फाईलमध्ये लावावे. वर्षअखेरीस तिन्ही कागद मुलासमोर मांडून, तळाची रेघ कधी वळली आणि ती वळवावी असे त्याला का वाटले, हे त्यालाच विचारावे व गुण त्या उत्तरावर द्यावेत.