लाकडावरची कडक अळंबी ओळखायची? आधी खालून बघा

आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणाशी दोन पावसाळ्यांपूर्वी एक गुलमोहर आडवा झाला. फांद्या तोडून नेल्या, खोड तिथेच राहिलं. सप्टेंबरात त्यावर करड्या-तपकिरी पट्ट्यांचे छोटे पंखे ओळीने उगवले. परदेशी फोटोंच्या जोरावर मी छातीठोकपणे ‘टर्की टेल’ असं नाव जाहीर करून मोकळा झालो. दोन दिवसांनी खाली आरसा धरला. टर्की टेलला तिथे बारीक भोकं असतात; इथे वहीच्या पानांसारख्या उभ्या पात्या होत्या. म्हणजे लेंझायटीस गटातली कुणीतरी. तेव्हापासून वरचे रंग कितीही सुरेख असले तरी आधी पालथं बघायचं, ही सवय लावून घेतली.

या फळीसारख्या अळंबीला इंग्रजीत ब्रॅकेट फंगस म्हणतात. खरी बुरशी लाकडाच्या आत धाग्यांच्या रूपात पसरलेली असते. बाहेर दिसतं ते तिचं बीजाणू सोडणारं फळ.

कधी जायचं, काय न्यायचं

मऊ छत्र्या जुलैत येतात आणि दोन-चार दिवसांत विरघळतात. कडक अळंबी महिनोन्‌महिने टिकते. त्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ बरा: चिखल कमी, गवत वाळायला लागलेलं आणि अळंबी पूर्ण वाढलेली. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरची पट्टी, वही आणि पावडरच्या डबीतला आरसा एवढं पुरे. आरसा सगळ्यात महत्त्वाचा, कारण अळंबी न तोडता तिचं पोट बघता येतं. ठाण्याजवळचं येऊरचं रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथून काहीही तोडून आणायचं नाही. ओंडक्याखाली हात घालायचा नाही, फुरसं नाही तर विंचू असू शकतो. बिबट्याचं रान आहे, तेव्हा उन्हं कलायच्या आत परत फिरा. सुरुवात मात्र येऊरलाच करायला हवी असं नाही. उपवनच्या काठची झाडं, पारसिकचा उतार, खारघरच्या टेकडीखालचा एखादा वाळका खुंट, सगळीकडे माल आहे.

लाकूड वाचा

युरोपातल्या मार्गदर्शिका पहिलाच प्रश्न विचारतात: झाड रुंदपानी की सूचिपर्णी? आपल्या रानात देवदार-पाइन नाहीतच, त्यामुळे तो प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी झाड कोणतं (ऐन, साग, आंबा, शिरीष, गुलमोहर), ते उभं मेलेलं की पडलेलं, आणि अळंबी बुंध्याशी आहे की फांदीवर, हे लिहा. साल गेली असेल तर झाड ओळखणं अवघड जातं. मग अंदाज न करता ‘अनोळखी’ असंच लिहा.

कुजलेला तुकडा बोटाने चुरून बघा. पांढुरका, तंतूतंतू होणारा असेल तर बुरशीने लाकडाला कडकपणा देणारं लिग्निनसुद्धा खाल्लं आहे. याला श्वेत कूज म्हणतात. गडद तपकिरी होऊन चौकोनी ठोकळ्यांत फुटत असेल तर ती तपकिरी कूज. आपल्याकडच्या कडक अळंबीत पहिला प्रकारच जास्त भेटतो.

याच वेळी एक गंमत तपासा. अळंबी आपली भोकांची बाजू नेहमी जमिनीकडे ठेवते, कारण बीजाणू खाली पडायला हवेत. ओंडक्यावरच्या काही फळ्या उभ्या, भिंतीसारख्या दिसत असतील, तर त्या झाड उभं असताना आलेल्या. जमिनीला समांतर असतील, तर पडल्यानंतरच्या. झाड कधी पडलं याचा हिशेब असा त्याच्याच अंगावर मिळतो.

खालची बाजू

इथे घाई करू नका. आरसा धरा, उजेड पाडा, मग भिंग.

पात्या दिसल्या आणि प्रत्येक पाती लांबीतून मधोमध चिरलेली असेल, तर ती शायझोफायलम कम्यून. वरून करडी-पांढरी, केसाळ, नखाएवढी. उन्हात पात्यांच्या कडा आत वळून ती मिटते आणि पावसाची सर आली की पुन्हा उघडते. आंब्याच्या कापलेल्या फांद्यांवर हमखास सापडते. मणिपुरात ती आवडीने खातात.

भोकं मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, नुसत्या डोळ्यांनी मोजता येतील इतकी मोठी असली, तर हेक्सागोनिया. एकदा बघितली की विसरणार नाही.

सगळंच शेंदरी-लाल, वर आणि खालीही, म्हणजे पिक्नोपोरस सॅंग्विनियस. नव्या वर्गीकरणात हिला ट्रामेटीस प्रजातीत (जीनसमध्ये) घालतात. उघड्यावरच्या, ऊन खाणाऱ्या ओंडक्यांवर ती येते. वरची बाजू उन्हाने फिकी पडते, पोटाचा रंग मात्र टिकतो. इथेही आरसाच कामाला येतो.

फसवणारी म्हणजे मायक्रोपोरस झॅन्थोपस. बारीक काटक्यांवर पातळ, पट्टेदार नरसाळं, पायथ्याशी पिवळट देठ. खालून गुळगुळीत वाटते, पण भिंगातून भोकं दिसतात. भिंगातूनही काहीच दिसलं नाही, पृष्ठभाग खरोखरच सपाट असला, तर स्टेरियमसारख्या गटाकडे वळा. भोकं दिसत असतील तर पट्टी ठेवून एका मिलिमीटरला किती बसतात ते मोजा. हाच आकडा पुढे पुस्तकात उपयोगी पडतो. ‘बारीक’ हा शब्द कुठेच नेत नाही.

वरची बाजू आणि वजन

आता वर या. लाखेचं पॉलिश केल्यासारखा तांबूस-तपकिरी चकचकीतपणा आणि पांढरी-पिवळी वाढती कड असली, तर गॅनोडर्मा. त्याच गटातली काही मात्र वरून निस्तेज तपकिरी असतात. त्यांच्या पांढऱ्या पोटावर काडीने ओरखडा काढला की तपकिरी रेघ उमटते आणि ती पुसत नाही. लोक त्यावर चित्रंही काढतात. लाकडासारखी टणक, आतून गंजाच्या रंगाची, वरून भेगाळलेली असली, तर फेलिनस. कोकणात फणसावर येणारा ‘फणसांबा’ याच कुळातला. मुलांचं तोंड आलं की जुनी माणसं तो उगाळून लावत. आपण स्वतः ओळखलेल्या तुकड्यावर हा प्रयोग करू नये. खाण्याचा तर प्रश्नच नको.

कोळशाच्या अर्ध्या चेंडूसारखं काळं काही दिसलं, तर ते डाल्डिनिया. आत झाडाच्या वर्षवलयांसारखे पट्टे असतात. ती ब्रॅकेट नाही, पण शेजार तोच, म्हणून यादीत सारखी घुसते.

बीजाणूंचा रंग

कुंपणाशेजारच्या, परवानगीच्या जागेवरचा ताजा तुकडा मिळाला तर रात्रभर कागदावर पालथा, म्हणजे पोट खाली करून ठेवा. अर्धा कागद पांढरा, अर्धा काळा. पांढरे बीजाणू काळ्यावर दिसतात, तपकिरी पांढऱ्यावर. गॅनोडर्माला एवढी खटपटही लागत नाही: वरच्या फळीतून पडलेली कोकोसारखी भुकटी खालच्या फळीवर आणि आजूबाजूच्या पानांवर बसलेली असते. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी ती धूळ समजून रुमालाने पुसली होती.

नाव कुठपर्यंत

प्रजातीपर्यंत (जीनसपर्यंत) पोचलात तर थांबा. गॅनोडर्माच्या जाती नुसत्या फोटोवरून वेगळ्या काढणं तज्ज्ञांनाही जड जातं. त्याला सूक्ष्मदर्शक लागतो, कधी डीएनए. मोबाइलमधलं ॲप जातीपर्यंतचं नाव बेधडक देतं, त्यावर माझा भरवसा नाही. पण त्यातही वरचा, पोटाचा, बाजूचा आणि अख्ख्या ओंडक्याचा असे चार फोटो टाकले तर उत्तर बरंच सुधारतं. वहीत तारीख, जागा, झाड, भोकांचा आकडा, बीजाणूंचा रंग. बस.

चकचकीत गॅनोडर्मा मेलेल्या खुंटावर असेल तर खुशाल बघत बसा. रस्त्यावरच्या जिवंत, हिरव्या गुलमोहराच्या बुंध्याशी दिसली, तर मुळं आतून कुजत असण्याची शक्यता धरा. फोटो काढून पालिकेच्या वृक्ष विभागाला कळवा, आणि पावसाळा संपेपर्यंत त्याखाली स्कूटर लावू नका.