एकाच रंगाचा एक्का कसा खेळावा

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात हातात इस्पिकचा एक्का आणि पंजी आली, की फ्लश (एकाच रंगाची, म्हणजे इथे इस्पिकची, पाच पाने) होणारच असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात फ्लॉपवरच (टेबलावर उघडल्या जाणाऱ्या पहिल्या तीन सामाईक पानांवरच) फ्लश पूर्ण होण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी असते, आणि चार पाने जुळून पाचव्याची वाट पाहण्याची वेळ साधारण ११ टक्के वेळा येते. म्हणून असा हात शक्यतो उशिराच्या जागेवरून (जिथे आपली पाळी इतरांनंतर येते) आणि स्वस्तात खेळावा.

समजा, फ्लॉपवर इस्पिकचा राजा, इस्पिकची सत्ती आणि बदामाची दुर्री पडली. न दिसलेल्या ४७ पानांत ९ इस्पिक उरतात, म्हणजे पुढच्याच पानावर फ्लश होण्याची शक्यता सुमारे १९ टक्के, तर उरलेली दोन्ही सामाईक पाने पाहायला मिळाल्यास ३५ टक्के. पॉटमध्ये (डावावर लागलेल्या एकूण रकमेत) ६०० असताना प्रतिस्पर्ध्याने ३०० लावले, तर कॉलसाठी (तेवढेच लावून खेळात राहण्यासाठी) २५ टक्के शक्यता हवी, कारण एकूण १२०० साठी आपण ३०० लावतो. एकाच पानाचा विचार केला तर ही तूट भरून निघण्यासाठी फ्लश लागल्यावर त्याच्याकडून सरासरी आणखी ३७० तरी मिळायला हवेत. त्याच्यापुढे तेवढ्या चिप्स नसतील, तर पाने टाकावीत.

तो दबावाखाली पाने टाकणारा असेल, तर कॉलपेक्षा रेझ (त्याहून जास्त लावणे) मला अधिक योग्य वाटतो, कारण मग पान न लागताही पॉट जिंकता येतो. मात्र नुसती एक्क्याची जोडी लागली, तर पंजीसारख्या लहान जोडपानाच्या भरवशावर पॉट वाढवू नये. आणि टेबलावर जोडी पडल्यास सर्वांत मोठा फ्लशही फुल हाउससमोर (एकाच किमतीची तीन पाने आणि एक जोडी) हरतो.