लार्कस्परचं बी उगवत नाही? आधी फ्रीजमध्ये ठेवा

बेळगाव-खानापूरकडे दसऱ्याला पेरलेलं लार्कस्पर या शोभेच्या फुलझाडाचं बी बहुतेक वेळा मातीतच बसून राहतं. त्याला रुजायला गारवा लागतो.

१. बी ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात गुंडाळून डबीत घाला. डबी २ आठवडे फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको.

२. दिवाळीनंतर रात्री गार झाल्या की थेट कायमच्या जागी पेरा. वर अर्धा सेंटीमीटर माती हवीच, अंधारात बी चांगलं रुजतं. रोप उपटून दुसरीकडे लावू नका, सोटमूळ दुखावलं की ते सहसा जगत नाही.

डबीवर ठळक ‘विषारी’ लिहा. हे काळं बी कलौंजीसारखं दिसतं, चुकून फोडणीत जायला नको! गुराढोरांपासूनही झाडं लांब ठेवा.